पदवीनंतरचे पत्र कोणी लिहावे?

(देवस्थानच्या अग्रशाळेत झालेल्या विद्यार्थी-गौरव समारंभातील भाषण)



श्रींची आरती आटोपून आपण सारे या अग्रशाळेत येऊन बसला आहात. प्रसादाच्या पंगतीला अजून तासाभराचा अवकाश आहे आणि तो तास समितीने माझ्या स्वाधीन केला आहे. आपल्या महाजन कुटुंबांतील जी मुले-मुली यंदा अभियांत्रिकीची पदवी घेऊन बाहेर पडली, त्यांना ‘पुढे काय?’ या विषयावर चार शब्द सांगावेत, अशी आज्ञा झाली. मी नम्रपणे म्हणालो, की मी अभियंता नव्हे. पूल कसा बांधतात हे मला ठाऊक नाही. पुलाच्या बिलावर शिक्का कोठे मारावा एवढेच ठाऊक आहे. त्यावर समितीचे एक वयोवृद्ध सभासद म्हणाले, “मोठ्या माणसांची भाषणे मुलांनी पुष्कळ ऐकली आहेत. ज्याने आयुष्यभर लोकांचे अर्ज वाचले, त्यालाही एकदा ऐकू द्या.” या शब्दापुढे माझा इलाज चालला नाही.

प्रथम माझी थोडी ओळख देतो. ती आत्मप्रौढी म्हणून नव्हे, पुढील मुद्द्याला आवश्यक म्हणून. देवळाजवळच्या मराठी शाळेत बाराखडी, नंतर पोर्तुगीज प्रीमेर ग्राव, सेगुंद ग्राव, आणि त्यानंतर पणजीचे लिसेंव, असा माझा शिक्षणक्रम. १८५४ साली स्थापन झालेले ते लिसेंव म्हणजे त्या काळच्या गोव्यात सरकारी कचेरीकडे जाणारी पायरी. माझ्या वडिलांनी आईच्या दोन बांगड्या गहाण ठेवून मला पणजीस ठेवले. मुलगा लिसेंव झाला की घराला कायमचा आधार मिळाला, अशी त्यांची खात्री होती.

मी तेथे शिकत असतानाच १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. तो दिवस आम्हां सर्वांच्या आनंदाचा. त्याविषयी माझ्या मनात कधीही दुसरा विचार आला नाही. परंतु थोड्याच महिन्यांत एक गोष्ट ध्यानात आली. ज्या भाषेत आम्ही वर्षानुवर्षे पाठांतर केले, त्या भाषेत आता नोकरीचा अर्ज लिहायचा नव्हता. १९५९ साली रुपियाच्या जागी एस्कुद आला होता. १९६२ साली एस्कुद जाऊन भारतीय रुपया आला. नोटा बदलून देण्यासाठी खिडकी उघडली होती. आमचे शिक्षण बदलून देण्याची खिडकी मात्र कोठेच नव्हती.

मग आम्ही काय केले? दिवसा मिळेल ते काम, रात्री कंदिलाखाली इंग्रजी आणि सायंकाळी टंकलेखनाचा वर्ग. कनिष्ठ कारकून म्हणून तळाच्या पायरीवरून आरंभ केला. त्या रात्रींत मला एक शोध लागला. लिसेंवच्या प्रमाणपत्राचा भाव उतरला होता, परंतु लिसेंवने लावलेली सवय उतरली नव्हती. व्याकरणाचे कोष्टक मांडून बसणे, अडलेला शब्द कोशात पाहिल्यावाचून पुढे न जाणे, या सवयीवर मी दुसरी भाषा शिकलो. कागदाचा भाव काळ ठरवितो; शिकण्याची सवय आपली राहते. आज अभियांत्रिकीच्या पदवीविषयी बोलताना माझ्या मनात हा विचार प्रथम येतो.

त्या काळी गोव्यात वैद्यकीचे विद्यालय होते, पण अभियांत्रिकीचे महाविद्यालय नव्हते. अभियंता व्हावयाचे तर मुलाला मुंबई किंवा पुणे गाठावे लागे. १९६७ साली गोवा अभियांत्रिकी महाविद्यालय स्थापन झाले आणि पुढे ते आपल्या फर्मागुडीच्या टेकडीवर स्थिरावले. गोपाळ गणपतीच्या दर्शनाला जाणाऱ्या माणसाला खांद्याला टी-चौकट अडकवलेली मुले दिसू लागली. नंतर २००४ साली झुआरीनगरला बिट्स, २०१० साली एनआयटी आणि २०१६ साली आयआयटी अशा संस्था गोव्यात आल्या. पूर्वी एखाद्या वाड्यावर एक अभियंता निघाला तर त्याला बघायला लोक जात. आज या सभागृहात पुढच्या दोन रांगा अभियंत्यांच्या आहेत. ही श्रींची कृपा. परंतु यामुळे एक बदल झाला आहे. पूर्वी पदवी मिळविणे हाच प्रश्न होता. आता पदवीच्या दुसऱ्या दिवशी प्रश्नाला आरंभ होतो.

या प्रश्नाचे उत्तर देताना मी माझ्या घरात एक चूक केली आहे. ती आज येथे सांगणार आहे. माझ्या चिरंजीवाची त्याला परवानगी आहे.

१९९५ साली तो यंत्र अभियांत्रिकीची पदवी चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाला. गेट परीक्षाही त्याने दिली होती आणि मुंबईच्या एका नामांकित संस्थेत पदव्युत्तर शिक्षणासाठी त्याची निवड झाल्याचे पत्र आले. त्याच पंधरवड्यात एका सरकारी खात्यात कनिष्ठ अभियंत्याच्या जागेची नेमणूकही आली. घरात मोठ्या मुलीचे लग्न ठरत होते आणि घराच्या कौलांचे काम निघाले होते. मी म्हणालो, “हातचे सोडून पळत्याच्या पाठीमागे लागू नये. शिकणे पुढेही होईल, ही जागा पुन्हा येणार नाही.” तो काही बोलला नाही. दोन दिवस अंगणात तुळशीपाशी बसून राहिला. त्याचे मौन म्हणजे संमती, असे मी सोयीस्करपणे मानले. तिसऱ्या दिवशी त्या संस्थेला नकाराचे पत्र मीच लिहिले. माझे अक्षर चांगले, पत्राचा मसुदा करण्याचा सरावही मोठा. त्याने फक्त सही केली. त्या पत्राची नक्कल आजही माझ्या पेटीत आहे, कारण नक्कल ठेवल्याशिवाय कारकून पत्र रवाना करीत नाही.

नोकरीत त्याचे वाईट झाले नाही. बढत्या मिळाल्या, संसार झाला, घराला दुसरा मजला चढला. पुष्कळ वर्षांनी चतुर्थीच्या दिवसांत माटोळी बांधताना मी त्याला सहज विचारले, “तेव्हा मुंबईस गेला नाहीस याचे तुला वाईट वाटते का?” तो शांतपणे म्हणाला, “बाबा, नोकरी केल्याचे मला दुःख नाही. कदाचित मीही तेच ठरविले असते. पण ते पत्र तुम्ही लिहिलेत, याचे वाटते.”

मित्रहो, मी तीस वर्षांहून अधिक काळ सरकारी कागद वाचले, परंतु एवढे छोटे आणि एवढे बिनचूक वाक्य माझ्या वाचनात आले नाही. मार्ग चुकला की बरोबर आला, हा त्याचा प्रश्नच नव्हता. मार्ग त्याने निवडला नव्हता, हा प्रश्न होता. आजचे माझे सारे भाषण त्या एका वाक्याचा विस्तार आहे.

तरुणांनी स्वतः निवड करावी असे म्हणणे सोपे आहे. परंतु माहितीवाचून केलेली निवड म्हणजे सोडत काढण्यासारखीच. म्हणून आता कारकुनाच्या पद्धतीने एकेका मार्गाची फाईल उघडतो.

पहिली फाईल नोकरीची. महाविद्यालयात येऊन कंपन्या निवड करतात तेव्हा यंत्र, स्थापत्य, विद्युत अशा सर्व शाखांची मुले संगणकाच्या कामाला जातात. त्यात कमीपणा काही नाही. परंतु आपल्या शाखेचे काम तीन-चार वर्षे सुटले की तिकडे परत वळणे कठीण होते, हे मनाशी धरून जावे. शिवाय ज्या कामात रोज तेच ते करावे लागते, ते काम यंत्र शिकते. मी जो टंकलेखनाचा वर्ग केला, त्याच्या जोरावर माझी सारी नोकरी झाली. माझ्या निवृत्तीपर्यंत ते टंकयंत्र कपाटावर धूळ खात पडले होते. आता कृत्रिम बुद्धिमत्ता संगणकाच्या आज्ञावलीही लिहू लागली आहे. म्हणून पहिली नोकरी निवडताना पगाराबरोबर हेही विचारावे, की येथे दोन वर्षांत मी असे काय शिकेन जे आज मला येत नाही? ज्यांना लगेच मनाजोगी नोकरी मिळत नाही त्यांच्यासाठी शिकाऊ उमेदवारीची सोय आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात १९७३ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकी पदवीधरांना स्थान मिळाले. वर्षभर विद्यावेतन घेऊन कारखान्यात प्रत्यक्ष काम शिकता येते. पदवीधर मुलगा ‘शिकाऊ’ म्हणवून घ्यायला लाजतो. हात काळे न झालेला अभियंता मात्र जन्मभर दुसऱ्याच्या शब्दावर सही करतो, हे मी बिले तपासताना पाहिले आहे.

दुसरी फाईल देशातील पुढील शिक्षणाची. गेट परीक्षा बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि सात जुन्या आयआयटी आळीपाळीने घेतात. साधारणतः फेब्रुवारीत ती होते आणि पदवीच्या तिसऱ्या वर्षापासून तिला बसता येते. तिच्या गुणांवर एम.टेक.ला प्रवेश मिळाला, तर सरकारी संस्थांतून दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते. त्या बदल्यात आठवड्याला काही तास अध्यापनास मदत करावी लागते. म्हणजे घरावर भार न टाकता शिकण्याचा हा मार्ग आहे. दुसरे असे, की या परीक्षेचे गुण तीन वर्षे ग्राह्य धरले जातात. ही गोष्ट १९९५ साली मी विचारलीसुद्धा नव्हती, की प्रवेश मागाहून घेता येईल का, पुन्हा अर्ज करता येईल का. नेमणुकीचा कागद हातात आला आणि मी दुसऱ्या कागदाकडे पाहण्याचे सोडले. ज्याला एखाद्या विषयाचे खरोखर वेड आहे त्याने संशोधनाकडे जावे. केवळ नोकरी मिळाली नाही म्हणून जो एम.टेक.ला जातो, तो दोन वर्षांनी त्याच दारात दोन वर्षांनी मोठा होऊन उभा राहतो.

तिसरी फाईल सरकारी सेवेची. केंद्रीय लोकसेवा आयोग अभियांत्रिकी सेवा परीक्षा घेतो. ती स्थापत्य, यंत्र, विद्युत आणि इलेक्ट्रॉनिक्स व दूरसंचार या शाखांसाठी असून सर्वसाधारण वयोमर्यादा २१ ते ३० वर्षांची आहे. अनेक सार्वजनिक उपक्रमही गेटचे गुण पाहून अभियंते घेतात. मी स्वतः सरकारी मीठ खाल्ले आहे, तेव्हा या सेवेची निंदा माझ्या तोंडून होणार नाही. एवढेच सांगतो, की परीक्षेसाठी किती वर्षे द्यावयाची हे आरंभीच ठरवावे आणि घरच्यांना सांगावे. दोन म्हणता म्हणता सहा वर्षे गेलेली मुले मी पाहिली आहेत. व्यवस्थापनाच्या शिक्षणाविषयी मी अधिक बोलत नाही. ज्याने दोन-तीन वर्षे काम करून माणसे कशी वागतात हे पाहिले, त्याला ते शिक्षण अधिक पचते, असे त्या क्षेत्रातील मंडळी मला सांगतात. स्वतःचा धंदा काढणाऱ्यालाही माझा हाच निरोप आहे. आधी दुसऱ्याच्या कारखान्यात उधारी कशी वसूल होते ते पाहावे. यंत्रापेक्षा तेच अवघड आहे.

चौथी फाईल परदेशाची, आणि ती मी थोडी सावकाश उघडतो, कारण तिच्यात घरे गुंतलेली असतात. हिशेब करून पाहू. २० लाख रुपयांचे कर्ज, १० टक्के व्याज, दहा वर्षांची मुदत. दरमहा हप्ता सुमारे २६,४३० रुपये. दहा वर्षांत एकूण फेड सुमारे ३१ लाख ७२ हजार, म्हणजे व्याजच पावणेबारा लाखांच्या घरात. शिक्षण चालू असताना आणि नंतर साधारण वर्षभर हप्ता नसतो, परंतु व्याज झोपत नाही. त्या काळात ते भरले नाही तर ते मुद्दलात मिसळते आणि हप्ता यापेक्षा वाढतो. हा हिशेब मुलाने आणि वडिलांनी एकाच मेजावर बसून करावा. गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी कर्जाची योजना आहे. तिचे चालू नियम प्रत्यक्ष कचेरीत जाऊन पाहावेत, शेजाऱ्याच्या सांगण्यावर जाऊ नये.

त्यानंतर त्या त्या देशाचे नियम. अमेरिकेत अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला पदवीनंतर बारा महिने व त्यापुढे आणखी चोवीस महिने काम करता येते; पुढचा एच-वन-बी व्हिसा मात्र सोडतीवर अवलंबून असतो. सप्टेंबर २०२५ मध्ये त्या व्हिसाच्या काही नव्या अर्जांवर एक लाख डॉलरांचे शुल्क बसविण्यात आले. एका सहीने हिशेब कसा पालटतो याचे हे ताजे उदाहरण. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही. पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग प्रांतात २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना प्रत्येक सत्राला १,५०० युरो द्यावे लागतात. शिवाय वर्षभर राहण्याचा खर्च आधी दाखवावा लागतो, आणि नोकरीसाठी जर्मन भाषा यावी लागते. परदेशी जाऊ नका असे मी म्हणत नाही. तेथील विद्या मिळवून आलेल्या माणसांनी हा देश उभा केला आहे. मी एवढेच म्हणतो, की विद्येसाठी जाणाऱ्याचे कर्ज फिटते. केवळ निघून जाण्यासाठी जाणाऱ्याचे कर्ज फिटले तरी मन फिटत नाही.

या फाईलला आपल्या गोव्यात एक पुरवणी आहे, आणि तीसाठी तरुण मुले माझ्या ओसरीवर येतात. त्यांच्या हातात आजोबांच्या जन्मनोंदीचा पोर्तुगीज दाखला, म्हणजे सेर्तिदांव असतो. “आजोबा, यात काय लिहिले आहे ते सांगा, लिस्बनला नोंद करायची आहे.” १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वारसांना, ठरलेल्या नोंदी पूर्ण केल्यास, पोर्तुगीज नागरिकत्वाचा दावा करता येतो, हे खरे आहे. ज्या भाषेचा भाव एके काळी उतरला होता तिला या कामापुरता पुन्हा भाव आला, याची मला गंमत वाटते. मी दाखला वाचून देतो. पण त्याबरोबर दोन गोष्टी सांगतो. एक, आपल्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे परदेशी नागरिकत्व स्वेच्छेने घेतले की भारताचे नागरिकत्व संपते; मतदानाचा हक्क जातो, सरकारी सेवेचे दार लागते. दुसरी, त्या पासपोर्टावर पूर्वी जे इंग्लंडला मोकळेपणी जात, त्यांची ती वाट ३१ डिसेंबर २०२० रोजी संपली. ज्यांनी केवळ तेवढ्यासाठी कागद रंगविले होते, त्यांचा हिशेब चुकला. चार वर्षे अभियांत्रिकी शिकलेल्या मुलाने गोदामात खोकी उचलण्यासाठी देश बदलावा का, हे मी ठरवीत नाही. श्रमात लाज नाही. पण तो प्रश्न त्याने स्वतःला विचारला आहे की नाही, एवढे मी दाखला परत देताना विचारतो.

फाईली पाहिल्या, आता त्या वाटांनी चाललेली तीन माणसे पाहू. डॉ. रघुनाथ माशेलकर १९४३ साली आपल्या माशेल गावी जन्मले. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले, आईने मुंबईत कष्ट करून शिकविले. त्यांनी १९६६ साली रसायन अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि मध्ये न थांबता १९६९ साली मुंबईतच डॉक्टरेट मिळविली. नंतर इंग्लंडमध्ये संशोधन व अध्यापन करून १९७६ साली ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत परतले. डॉ. अनिल काकोडकर हेही १९४३ चेच. गोवा मुक्तिलढ्यातील पुरुषोत्तम काकोडकर यांचे ते चिरंजीव. १९६३ साली मुंबईत यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेऊन ते तुर्भ्याच्या अणुशक्ती केंद्राच्या प्रशिक्षण शाळेत गेले, नोकरीला लागले आणि नोकरीत असताना १९६९ साली नॉटिंगहॅमची पदव्युत्तर पदवी मिळविली. म्हापशाचे मनोहर पर्रीकर १९७८ साली आयआयटी मुंबईतून धातुशास्त्राचे अभियंते झाले आणि २००० साली गोव्याचे मुख्यमंत्री झाले. ती वाट कोणत्याही अभ्यासक्रमात छापलेली नव्हती. एकाने आधी विद्या घेतली, दुसऱ्याने आधी काम घेतले, तिसऱ्याने क्षेत्रच बदलले. तेव्हा ‘आधी नोकरी की आधी शिक्षण’ या वादाला सर्वांसाठी एक उत्तर नाही. ज्याने निवडले त्याला ते आपले वाटले पाहिजे, म्हणजे अडचणीच्या दिवशी तो ते सोडून पळत नाही.

मग निवड कशी करावी? मी एक कोरा ताव देतो. त्यावर चार रकाने आखावेत. पहिल्यात मार्गाचे नाव. दुसऱ्यात त्या मार्गाने गेल्यावर एखाद्या साध्या सोमवारी सकाळपासून सायंकाळपर्यंत मी नेमके काय करीत असेन, हे. ते लिहिता येत नसेल, तर त्या कामात पाच वर्षे घालविलेल्या माणसाकडे जाऊन विचारावे. पुढाऱ्याकडे नको, जाहिरातीकडे नको. तिसऱ्या रकान्यात खर्च किती आणि तो कोण सोसणार, आकड्यांत. चौथ्यात, या वाटेने गेल्यास कोणते दार बंद होईल आणि केव्हा. पुष्कळ दारे आपल्याला भासतात तशी लगेच बंद होत नाहीत. काही मात्र तारखेला बंद होतात आणि ती तारीख आपल्याला ठाऊक नसते. हा ताव भरून झाला की तो आठ दिवस देव्हाऱ्याजवळ ठेवावा, आणि मग पत्र लिहावे. स्वतःच्या हाताने.

पालकांनो, आता आपल्यासाठी दोन शब्द. आपल्याला मुलाच्या भवितव्याची भीती वाटते, ती खोटी नव्हे. माझ्या वडिलांनाही वाटत होती आणि त्यांनी बांगड्या गहाण ठेवून जे ‘कायमचे’ विकत घेतले, ते थोड्याच वर्षांत बदलले. मीही मुलासाठी ‘कायमचे’ निवडले. भीतीने निवडलेली वाट सुरक्षित असतेच असे नाही. ती फक्त ओळखीची असते. आपण किती पैसे देऊ शकतो हे मुलांना स्पष्ट सांगावे. बहिणीचे लग्न, घराचे कर्ज, आजारपण, काही लपवू नये. मला वाटते, १९९५ साली मी आज्ञा करण्याऐवजी घरचा हिशेब त्याच्यापुढे ठेवला असता, तर कदाचित त्याने तीच नोकरी स्वीकारली असती, आणि ती त्याची झाली असती. मर्यादा सांगणे आपले कर्तव्य आहे. सही करणे त्यांचे.

महाजन मंडळींपुढे एक विनंती ठेवून मी संपवितो. आपल्या देवस्थानात महाजनांची नोंदवही आहे. कोण कोणत्या कुळातला, कोणत्या शाखेचा, हे तीत नीट लिहिले आहे. तिच्याशेजारी दुसरी एक साधी वही ठेवावी. आपल्यापैकी कोण काय काम करतो, कोठे करतो, आणि एखाद्या मुलाला तासभर वेळ देईल का, एवढे तीत असावे. मुंबईत, बेळगावात, बंगळुरूत, आखातात आणि अमेरिकेत आपली माणसे आहेत. उत्सवाला देणगी पाठवितात, तसा एक तासही पाठवितील. आपल्या जुन्या वह्या पुरुषांच्या नावांनी भरल्या आहेत. या नव्या वहीत लेकीसुनांची नावे पहिल्या पानापासून असावीत. आज पुढच्या रांगेत ज्या बसल्या आहेत त्यांच्याकडे पाहिले, की याचे कारण सांगावे लागणार नाही. शाल-श्रीफळाने मुलांचा गौरव होतो. या वहीने त्यांना वाट विचारता येईल.

त्या रांगेतच माझ्या भाचीची मुलगी आहे. नाव सांगत नाही, ती रागावेल. इलेक्ट्रॉनिक्सची पदवी, हातात बंगळुरूची नोकरी, आणि गेटचे चांगले गुण. गेल्या महिन्यात येऊन तिने विचारले, “आजोबा, तुम्हांला काय वाटते?” माझ्या जिभेवर उत्तर आले होते. खोटे का बोलू, ते १९९५ चेच उत्तर होते. ते मी गिळले आणि तिला कोरा ताव दिला. आठ दिवसांनी ती ताव भरून घेऊन आली. वडिलांच्या घरकर्जाची दोन वर्षे शिल्लक आहेत, तोवर नोकरी करीन. गुण तीन वर्षे चालतात, तेव्हा दोन वर्षांच्या आत प्रवेशाचा अर्ज करीन. नाही जमले तर परीक्षा पुन्हा देईन, असे तिने लिहिले होते. हे बरोबर की चूक, हे मला सांगता येणार नाही. तिने कंपनीला लिहिलेले स्वीकृतीचे पत्रही दाखविले. मी सवयीने लेखणी काढली, आणि पुन्हा खिशात ठेवली. पत्रावर तारीख घालावयाची राहिली होती, तेवढी मी बोटाने दाखविली. ती तिने घातली.

श्रींच्या चरणी प्रार्थना आहे, की या सर्व मुलांना सद्बुद्धी, आरोग्य आणि कष्टाची गोडी लाभो. आणि त्यांची पत्रे त्यांनाच लिहू देण्याचे धैर्य आम्हां वडील मंडळींना लाभो.